आठ वर्षांचा रियाज

एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पॅर्ट वयाच्या तेहतिसाव्या वर्षी जवळजवळ गप्प झाला. हातात काम भरपूर होतं, नाव होऊ लागलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला काहीच येत नाही असं त्याच्या मनाने घेतलं. पुढची आठ वर्षं तो शिकत बसला. आज जगभर ज्या रचनांसाठी तो ओळखला जातो, त्यातल्या बहुतेक त्यानंतरच्या. नव्वदी ओलांडलेल्या या माणसाचं चरित्र वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या आठ वर्षांपाशीच येऊन थांबतो.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. आजही लोकसंख्या १३-१४ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण देश गाणारा. १८६९ पासून तिथे समूहगानाचा मोठा उत्सव भरत आलाय. पॅर्टचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा, पाइदे गावचा. लहानपणीच आईबरोबर तो राक्वेरेला आला. घरात एक जुना पियानो होता, पण त्याच्या मधल्या पट्ट्या धड वाजत नव्हत्या. मग पोरगं वरच्या आणि खालच्या टोकाला काय काय वाजवून बघत बसायचं. त्याचं पुढचं सगळं संगीत या मोडक्या पियानोतून निघालं असं काही जण सांगतात, ते मला ओढूनताणून वाटतं. मोडकी पेटी आपल्याकडेही घरोघरी असते, त्यातून कोण पॅर्ट निघाला?

सायकलची गोष्ट मात्र मला पटते. राक्वेरेच्या चौकात खांबावर कर्णा होता आणि त्यावर रेडिओवरच्या मैफली लागायच्या. मैफल चालू असेपर्यंत आर्वो सायकलवरून चौकाला घिरट्या घालत ऐकायचा. आता त्या चौकात सायकलवाल्या मुलाचा पुतळा आहे. आपल्याला चौकात घोड्यावरचे पुतळे बघायची सवय, म्हणून तो फोटो बघून मला फार बरं वाटलं.

पुढचं भराभर सांगतो. सक्तीची सैन्यातली नोकरी, तिथल्या बँडमध्ये ओबो आणि ड्रम. मग टालिनला कॉन्झर्व्हेटरीत हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण. शिकता शिकताच एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी, ती १९६७ पर्यंत. दिवसभर दुसऱ्यांचं वाजवणं टेपवर घ्यायचं, जोडीला सिनेमांना आणि मुलांच्या कार्टूनपटांना संगीत द्यायचं. पोट त्यावर चालायचं.

स्वतःसाठी तो लिहायचा ते मात्र वेगळंच. त्या काळी युरोपात बारा स्वरांच्या पद्धतीचा दबदबा होता. सप्तकातले बाराही स्वर एका ठरलेल्या क्रमाने घ्यायचे, सगळ्यांना सारखा मान, कुणालाच 'सा' होऊ द्यायचं नाही. आपल्या कानाला ही कल्पनाच घर सोडून पळाल्यासारखी वाटते. १९६० साली पॅर्टने या पद्धतीत 'नेक्रोलॉग' लिहिलं. एस्टोनियात तसं लिहिणारा तो पहिला. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. सोव्हिएत संगीतकार संघाचे सर्वेसर्वा तिखोन ख्रेन्निकोव्ह यांनी त्याला जाहीर झापलं, पाश्चात्त्यांची हवा लागली म्हणून. आणि १९६२ मध्ये त्याच व्यवस्थेने दुसऱ्या दोन रचनांसाठी मॉस्कोत त्याला पहिलं बक्षीसही दिलं. एका हाताने कान पिळायचा आणि दुसऱ्याने पेढा द्यायचा, हे कुठल्याही राजवटीला जमतं.

मग आलं 'क्रेडो'. १६ नोव्हेंबर १९६८, टालिन. पियानो, मोठा गायकवृंद, वाद्यवृंद, आणि नीमे यार्वी वाद्यवृंदप्रमुख. बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराची एक साधी, पियानो शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असलेली सी मेजरमधली रचना पॅर्टने पायाशी घेतली. ती हळूहळू मोडत जाते, बारा स्वरांचा गोंधळ वाढत वाढत कानठळ्या बसवतो, आणि शेवटी त्या राखेतून बाख परत वर येतो. शब्द लॅटिनमधले, आणि सुरुवातच 'येशू ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे' अशी. सोव्हिएत राज्यात, भर सभागृहात! कार्यक्रम झाला आणि वर खळबळ उडाली. त्याच्या रचना कार्यक्रमांतून दिसेनाशा झाल्या.

इथून पुढची गोष्ट बहुतेक जण अशी सांगतात की सरकारने कलावंताचं तोंड बंद केलं. ते अर्धंच खरं आहे. सिनेमाचं काम चालूच होतं. १९७१ मध्ये त्याने तिसरी सिम्फनीसुद्धा लिहिली. मला वाटतं, घाव बसला तो आतून. 'क्रेडो' नीट ऐका. त्यात जे सुंदर आहे ते सगळं बाखचं, आणि जे पॅर्टचं स्वतःचं ते गोंगाट. उसनं घेतलेल्या सोन्याने आपलं घर किती दिवस सजवणार? हे त्याच्या ध्यानात आलं नसेल असं मी मानत नाही.

मग त्याने काय केलं, तर पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. ग्रेगोरियन चँट, म्हणजे चर्चमधलं जुनं, एकाच आवाजातलं, साथीशिवायचं गाणं. त्यानंतरचं, एकावर एक आवाज चढत गेलेलं, सोळाव्या शतकातल्या पलेस्त्रिनाच्या काळापर्यंतचं संगीत. ते तो ऐकत होता, उतरवून घेत होता, आणि वह्यांमागून वह्या भरून नुसत्या एकेरी सुरावटी लिहीत होता. ना साथ, ना सजावट. सुराला सूर कसा जोडायचा, एका स्वरावरून दुसऱ्यावर का जायचं, एवढंच. हजारो पानं. त्यातलं बाहेर काही गेलं नाही, जाण्यासाठी ते लिहिलेलंही नव्हतं. याच काळात, १९७२ मध्ये, नोराशी लग्न झालं आणि तो ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेला. त्याच सुमाराची एक आठवण पॅर्ट स्वतः सांगतो. रस्ता झाडणाऱ्या एका माणसाला त्याने विचारलं, संगीतकाराने लिहावं तरी कसं? तो झाडूवाला म्हणाला, प्रत्येक आवाजावर माया करावी लागत असेल. कॉन्झर्व्हेटरीत असं कुणी सांगितलं नव्हतं.

आता कोल्हापूरच्या माणसाला इथे अल्लादिया खाँसाहेब आठवणारच. मलाही आठवले. खाँसाहेब १८५५ चे, मूळ राजस्थानातल्या उनियाऱ्याचे, धृपदियांच्या घराण्यातले. तरुणपणी एका दरबारात दिवसच्या दिवस गावं लागलं आणि आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हताच. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. त्यांनी मग जो आवाज उरला होता त्याला पेलेल अशी गायकीच नव्याने बांधली: मात्रेला धरून सरकणारी, वळणावळणाची, श्वास कुठे घेतला ते कळू न देणारी, आणि अनवट रागांची. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात आणलं, आणि आज ज्याला जयपूर-अत्रौली म्हणतात ती गायकी आपल्या या गावात मुरली. केसरबाई, मोगूबाई, भास्करबुवा, मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ ही सगळी त्या एका घशाच्या अपघातानंतरची संपत्ती. 'अहमदपिया' या नावाने खाँसाहेबांनी बंदिशीही बांधल्या. १९२२ मध्ये महाराज गेले आणि ते मुंबईला गेले. १९४६ मध्ये तिथेच वारले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायला छान वाटतात, पण मी त्यांना फार जवळ आणत नाही. एक तर खाँसाहेबांनी गप्प राहणं निवडलं नव्हतं. दुसरं म्हणजे दोघे विरुद्ध टोकांना पोहोचले. खाँसाहेब अधिक अवघडाकडे गेले. संपूर्ण मालकंस किंवा बसंती केदार ऐकताना जाणत्यांनाही कान टवकारावे लागतात. पॅर्ट गेला तो इतक्या साध्याकडे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही फसवणूक वाटावी. मला तशीच वाटली होती.

ती फसवणूक नाही हे पटलं ते पेटीवर. आमच्या गल्लीतले एक काका उत्तम पेटी वाजवतात आणि चार पोरांना गाणं शिकवतात. देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकांना त्यांचं पुढच्या रांगेत बसणं ठरलेलं. त्यांना मी 'फ्यूर अलीना' ऐकवलं. १९७६ मध्ये पॅर्ट पुन्हा लिहू लागला, तेव्हाची ही पियानोची रचना, जेमतेम दोन पानांची. काकांनी तीनेक मिनिटं मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "सुरू कवा हुनार हे?"

मी म्हटलं, काका, संपत आलंय.

"मग आता त्यो काय करत हुता? सूर लावून बघत हुता व्हय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नियम सांगितला. उजवा हात आसावरी थाटात सुरावट घेतो: गंधार, धैवत, निषाद कोमल, बाकी शुद्ध. डाव्या हाताला फक्त तीन स्वर मोकळे: सा, कोमल ग आणि प. उजव्याने कुठलाही स्वर घेतला की डाव्याने त्याच वेळी, त्याच्या खालचा, या तिघांतला सगळ्यात जवळचा स्वर घ्यायचा. उजवा 'रे'वर तर डावा 'सा'वर. उजवा 'म'वर तर डावा 'ग'वर. उजवा 'सा'वर आला तर डावा खाली 'प'वर. डाव्या हाताला मन नाही, मर्जी नाही.

"हे तर पलट्यापरास सोपं हाय की," म्हणत काकांनी पेटी ओढली. पहिल्या पाच-सहा सुरांतच भुवया वर गेल्या. रे आणि सा जवळजवळ, पण गोड. मग धैवत आला, खाली पंचम, मध्ये अर्धा सूरही जागा नाही. दोन सूर एकमेकांना घासले. काकांनी बोट उचललं नाही, भाता सोडून दिला आणि ते घासणं विरेपर्यंत ऐकत राहिले. मग पुन्हा तोच धैवत. "ह्यो वाईट न्हाई," म्हणाले, "ह्यो मुद्दाम ठिवलाय."

पेटीवर ही रचना नीट वाजत नाही हेही लगेच कळलं. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो आणि पॅर्टला तो विरणारा सूरच हवा आहे. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत तसाच उभा राहतो. सुरुवातीला खाली एक षड्ज मारून पियानोचा पेडल दाबून ठेवलेला असतो, त्या गुंजनात पुढचे सगळे सूर पडत राहतात. ते पेटीवर आणायचं कुठून? काकांनी मोबाइलवरचा तानपुरा लावून पाहिला आणि दोन मिनिटांत बंद केला.

त्यांनी तो का बंद केला ते महत्त्वाचं आहे. पॅर्टविषयी बोलताना आपल्याकडचे लोक हमखास म्हणतात, हा तर आपला तानपुराच. मला ते मान्य नाही. तानपुऱ्याला गवई काय गातोय याच्याशी देणंघेणं नसतं. तुम्ही चुका, भरकटा, तो आपला चालू. पॅर्टचा दुसरा आवाज मात्र पहिल्यावर डोळे लावून बसलेला असतो. पहिला हलला की हा हलतो, फक्त आपल्या तीन पायऱ्यांवरून. पॅर्ट म्हणतो की ते दोन आवाज नाहीतच, एकच आहे. नोराने त्याचं गणित 'एक अधिक एक बरोबर एक' असं सांगितलं. या शैलीला त्याने नाव दिलं टिंटिनाबुली, घंटेच्या किणकिणाटावरून.

काकांच्या एका तबल्याच्या विद्यार्थ्याने मला न दिसलेली गोष्ट दाखवली. 'फ्यूर अलीना'त ताल नाही, पण सूर मोजले तर आधी दोन, मग तीन, मग चार असे गट आठपर्यंत वाढतात आणि तसेच उतरत जातात. "ही मृदंगा यती झाली," तो म्हणाला. यती म्हणजे लयीच्या रचनेचा आकार; ही दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. टालिनमधल्या माणसाला आपलं यतीशास्त्र ठाऊक असायचं कारण नाही. आणि एवढ्या कडक नियमात एकाच ठिकाणी डावा हात नियम मोडून 'रे'वर जातो. छापील प्रतीत त्या जागी पॅर्टने एक फूल काढून ठेवलंय. वेगळी खूण नाही, सूचना नाही, फूल. काकांनी 'फ्यूर अलीना'ला दाद दिली ती त्या 'रे'ला.

१९७७ हे वर्ष बांध फुटल्यासारखं गेलं. 'फ्रात्रेस', 'कान्टुस', 'टाबुला रासा'. शेवटची रचना दोन व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी. टालिनमध्ये ३० सप्टेंबरला पहिल्यांदा झाली तेव्हा गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिंडेन्को व्हायोलिनवर, आणि पियानोवर आल्फ्रेड श्निट्के, जो स्वतः केवढा मोठा संगीतकार. तालमीत वादकांना कागद बघून प्रश्न पडला होता म्हणतात, की यात संगीत कुठे आहे? काकांचाच प्रश्न.

जानेवारी १९८० मध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन पॅर्टने देश सोडला. सोडला म्हणजे सोडायला लावला. आधी व्हिएन्ना, मग पश्चिम बर्लिन, तिथे पुढची तीसएक वर्षं. जर्मनीत मानफ्रेड आयशर नावाच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या गृहस्थाने गाडी चालवताना रेडिओवर 'टाबुला रासा' ऐकलं, ते काय आहे हे शोधून काढलं आणि १९८४ मध्ये आपल्या ईसीएम कंपनीची नवी मालिकाच त्या रचनेने सुरू केली. त्यानंतरचं सगळं यशाचं आहे आणि यशाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. पुरस्कार मिळाले, आणि २०११ पासून कित्येक वर्षं तो जगात सर्वाधिक वाजवला जाणारा हयात संगीतकार ठरत राहिला.

या यशाने एक तोटा केला. 'श्पीगल इम श्पीगल' ही १९७८ ची रचना सिनेमांतून, जाहिरातींतून, ध्यानधारणेच्या व्हिडिओंतून इतकी पाझरली आहे की ती आता कुणी ऐकतच नाही, ती नुसती लागलेली असते. कुणी रडत असलं की मागे ती. रचना वाईट नाही. पण पॅर्ट म्हणजे शांत झोपेचं औषध हा समज तिच्यामुळे पसरला आणि तो साफ चुकीचा आहे. नव्याने ऐकायला बसणाऱ्याला मी 'कान्टुस' देतो.

'कान्टुस' मला कळलं ते माझ्या धंद्यामुळे. उद्यमनगरात माझं छोटं मशिन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, ते आम्ही लेथवर घेतो. मशिनवर चढवण्याआधी जुना माणूस एसजी आयर्नचा, म्हणजे खास जातीच्या बिडाचा, जॉब (तो ओतीव भाग) दोरीला टांगून हातोडीने टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत चीर असेल, नाहीतर धातूच नीट जमला नसेल, बाजूला ठेव. त्या आवाजात नुसता एक सूर नसतो. टोल पडल्यावर मूळ सूर ओसरू लागतो आणि मागून दुसराच कुठला तरी सूर तरंगत राहतो. वर्षानुवर्षं ऐकून तो कानात बसतो.

बेंजामिन ब्रिटन हा इंग्रज संगीतकार ४ डिसेंबर १९७६ ला गेला. पॅर्टला त्याची नुकतीच ओळख पटू लागली होती, भेट राहून गेली. 'कान्टुस' त्याच्या आठवणीत लिहिलेलं, सहा-सात मिनिटांचं. साहित्य काय? एक घंटा, तंतुवाद्यांचा ताफा, आणि एक अवरोह. बस. अवरोहसुद्धा आपल्याकडचं पोर पहिल्या महिन्यात घोकतं तसा: सां, मग सां-नि, मग सां-नि-ध, प्रत्येक वेळी वरून सुरू आणि एक पायरी जास्त खाली. हाच पलटा पाच थरांत एकाच वेळी चालतो. वरची व्हायोलिनं सगळ्यात जलद, त्यांच्या निम्म्या लयीत पुढचा थर, त्याच्या निम्म्यात त्यापुढचा, असं करत तळाशी डबल बास, वरच्यापेक्षा सोळा पट संथ. आपण दुगुन-चौगुन एकामागून एक करतो, इथे सगळ्या लयी एकत्र. एकेक थर आपल्या तळाच्या स्वराला पोहोचतो आणि तिथेच ठाण मांडतो. शेवटी सगळे पोहोचतात, नुसता जाडजूड आवाज उभा राहतो आणि एकदम तुटतो.

तुटण्याच्या आधी घंटेवर एक टोल इतक्या हलक्या हाताने दिलेला असतो की त्या गदारोळात तो ऐकूच येत नाही. तंतुवाद्यं थांबली की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, उरलेली असते. अख्खी रचना कोमल गंधाराची, आणि त्या आसेत तरंगत असतो शुद्ध गंधार. कुणीही न वाजवलेला. घंटेच्या धातूतच तो असतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार बोलू लागतो, अगदी तोच नातेवाईक. तानपुऱ्याशी पॅर्टची खरी भेट होते ती इथे. सोबतीचा अखंड सूर म्हणून त्याला तानपुरा म्हणणं मला पटत नाही, पण एका आवाजाच्या पोटात दुसरा दडलेला असतो आणि तो ऐकायला बाकीच्यांनी थांबावं लागतं, हे त्याने ज्या हिशेबीपणे मांडलंय त्याला मिरजेचा जवारी काढणारा कारागीरही मान डोलवेल.

२०१० मध्ये पॅर्ट एस्टोनियाला परतला. टालिनपासून ३५ किलोमीटरवर लाउलास्मा इथे पाइनच्या झाडांत त्याच्या नावाचं केंद्र आहे, २०१८ पासूनची नवी इमारत. त्याच्या वह्या तिथे जपल्या आहेत. मला कुणी तिकीट दिलं तर मैफलीपेक्षा त्या गप्प वर्षांतल्या वह्या बघायला जाईन.

काकांना 'कान्टुस' मी कारखान्यातच ऐकवलं, रविवारी, मशिनं बंद असताना. या वेळी सुरू कधी होणार असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या क्लासवरून जाताना बघतो तर पोरांना चार ओळींत बसवलेलं. सगळ्यात लहान कार्टी चौगुनीच्या चौगुनीत सां-नि-ध पळवतायत, मोठी निम्म्या लयीत, आणि खर्जातला संथ थर स्वतः काकांनी घेतलेला. तो सगळ्यात सोपा वाटतो, पण त्यातच दम तुटतो. तिसऱ्या आवर्तनाला लहान्यांनी काकांना मागे टाकलं, मोठी पोरं हसू लागली, सगळं कोसळलं. काकांनी घाम पुसला आणि दारात मला बघून म्हणाले, "उद्या येताना तुमच्यातला एक जॉब घिऊन ये. वाजनारा बघून आन."